तीव्र स्वादुपिंडदाहात जंतुसंसर्ग आणि सेप्सिस : नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूच्या दाराबाहेर रोज सकाळी मी नातेवाइकांशी बोलतो. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचा पेशंट तीन-चार आठवडे, कधी दोन-दोन महिने आमच्याकडे असतो. त्यामुळे घरच्यांशी चांगली ओळख होते आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर जिना उतरेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. झोप नाही, पोटात धड अन्न नाही, अशा अवस्थेत दुसरं काय होणार? म्हणून ही उत्तरं सावकाश लिहून ठेवली आहेत. तुमच्या पेशंटचे निर्णय त्याचे डॉक्टरच घेतील. ते तसे का घेतात, हे इथून कळावं.

स्वादुपिंडाला सूज आली म्हणजे नेमकं झालंय काय?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, वीतभर लांबीची ही ग्रंथी आडवी पसरलेली असते. अन्न पचवणारे रस ती तयार करते. हे रस आतड्यात उतरल्यावरच कामाला लागायला हवेत. पित्ताचा खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूने ग्रंथीला इजा झाली, की ते आतल्या आतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) हजाराच्या वर गेले तरी हेच होऊ शकतं. पोटाच्या वरच्या भागातून थेट पाठीत जाणारी कळ आणि थांबता न थांबणाऱ्या उलट्या, अशी सुरुवात असते.

शंभरातले साधारण ८० जण आठवड्याभरात बरे होऊन घरी जातात. पुढची सगळी माहिती उरलेल्यांबद्दल आहे.

आमच्या पेशंटला 'सिव्हिअर' म्हणतात. लायपेज तर ३००० वरून ४०० वर आलंय!

लायपेज आणि अमायलेज हे स्वादुपिंडाचे पाचक रस. रक्तातले त्यांचे आकडे आजार ओळखायला कामी येतात. तो किती गंभीर आहे, हे ते सांगत नाहीत. आकडा उतरला म्हणून पेशंट सुधारला असं होत नाही, आणि उलटही नाही.

गंभीर म्हणायचं ते अवयवांवरून. श्वास, किडनी किंवा रक्ताभिसरण यांपैकी काही कोलमडलं आणि ४८ तासांत सावरलं नाही, तर तो गंभीर म्हणजे 'सिव्हिअर' दाह. २०१२ साली या आजाराचं अटलांटा वर्गीकरण सुधारलं, तेव्हापासून जगभर हीच व्याख्या चालते. म्हणून रोज सकाळी लायपेज विचारू नका. लघवी किती झाली, ऑक्सिजन किती लागतोय, बीपीचं औषध वाढलं की कमी झालं, हे तीन प्रश्न विचारा.

पहिल्याच दिवशी ताप आहे, पांढऱ्या पेशी १८ हजार आहेत. म्हणजे इन्फेक्शन झालंच ना?

बहुतेक वेळा नाही. हे पटायला सगळ्यात अवघड जातं, म्हणून थोडं थांबून सांगतो.

या आजारात दोन लाटा येतात. पहिली लाट पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांची. ग्रंथीचा काही भाग जळतो, मरतो, आणि त्याला उत्तर म्हणून शरीर पेटून उठतं. ताप चढतो, नाडी १२० वर जाते, धाप लागते, पांढऱ्या पेशी वाढतात. भाजलेल्या माणसालाही पहिल्या दोन दिवसांत ताप येतो, तसंच हे. जंतू एकही नसतो, पण चित्र हुबेहूब सेप्सिसचं, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडल्याचं दिसतं.

दुसरी लाट नंतरची. ग्रंथीचा मेलेला भाग आत पडून असतो, त्यात जंतू शिरतात आणि पू होतो. बहुधा हे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात घडतं. ज्यांच्या ग्रंथीचा भाग मेला आहे, त्यांच्यातल्या साधारण तिघांपैकी एकाला हा संसर्ग होतो. आठ-दहा दिवसांनी ताप उतरला, पेशंट खुर्चीत बसून दोन शब्द बोलला, घरच्यांनी गावाकडे फोन करून 'आता बरं आहे' असं कळवलं, आणि अठराव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप चढला, तर आमचे कान टवकारतात तेव्हा.

मग खबरदारी म्हणून आधीच भारी अँटिबायोटिक का देत नाही? पैशाचं बघू नका, डॉक्टर.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यामागची तळमळ मला समजते. आपलं माणूस आत पडलंय, दाराबाहेर बसून आपल्या हातात काही नाही, निदान औषधात कसूर नको. पण पैसे वाचवायला आम्ही थांबत नाही.

एके काळी सगळेच आधीपासून द्यायचे. मग नीट चाचण्या झाल्या. २००७ साली अमेरिका आणि युरोपातल्या केंद्रांनी मिळून १०० पेशंट घेतले, निम्म्यांना मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक आणि निम्म्यांना औषध नसलेलं नुसतं द्रावण. स्वादुपिंडाचा संसर्ग मेरोपेनेमच्या गटात १८ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांना. मृत्यू २० आणि १८ टक्के. म्हणजे फायदा दिसलाच नाही. त्याआधी २००४ साली जर्मनीतही दुसऱ्या औषधांचा असाच निकाल लागला होता.

कारण साधं आहे. औषध पोचवतं रक्त, आणि मेलेल्या भागाला रक्तच जात नाही. तिथे औषध कमी पडतं, पण आतड्यातले साधे जंतू मात्र मरतात, आणि रिकाम्या जागेत औषधाला दाद न देणारे जंतू आणि बुरशी घर करते. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये मेरोपेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला नावाचा जंतू रोज भेटतो. तिसऱ्या आठवड्यात खरा संसर्ग झाला आणि तो याच जंतूचा निघाला, तर आमच्या हातात फार थोडी औषधं उरतात. ती तेव्हासाठी राखून ठेवायची असतात.

संसर्गाचा खरा पुरावा असेल तर मात्र पहिल्या दिवशीही अँटिबायोटिक सुरू होतं. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ आणि थंडीताप असेल, तर तो पित्तनलिकेचा संसर्ग असतो. तिथे औषध लगेच आणि २४ तासांच्या आत एंडोस्कोपीने नळी मोकळी करणं गरजेचं असतं. न्यूमोनिया, लघवीतला संसर्ग, गळ्यातल्या सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) संसर्ग, यांचेही उपचार थांबवत नाहीत. 'अँटिबायोटिक का देत नाही' यापेक्षा 'आज दुसरीकडे कुठे संसर्ग आहे का, हे पाहिलंत का' असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर आम्ही द्यायलाच हवं.

स्वादुपिंड इतकं आत. तिथे जंतू पोचतात कुठून?

मुख्यतः शेजारच्या आतड्यातून. निरोगी आतड्याची भिंत जंतूंना आत रोखून धरते. या आजारात रक्तपुरवठा कमी होतो, आतडं सुस्तावतं, उपासाने भिंतीच्या पेशी झडतात आणि ही वेस ढिली पडते. ई. कोलाय, क्लेबसिएला, एंटरोकॉकस असे आतड्यातले नेहमीचेच रहिवासी पलीकडे उतरतात. काही वेळा सेंट्रल लाइनमधून किंवा फुप्फुसातून रक्तावाटेही जातात.

पोट एवढं दुखतंय आणि तुम्ही नाकातून नळी घालून अन्न देताय? उपाशी ठेवायचं असतं ना?

उपाशी ठेवायची पद्धत जुनी झाली. 'ग्रंथीला विश्रांती द्या' असं पूर्वी पाठ्यपुस्तकातच होतं. आता कळलंय की आतड्याला अन्न मिळालं तर त्याची भिंत टिकते, आणि भिंत टिकली तर जंतू अडतात. शिरेतून सगळं पोषण देण्यापेक्षा आतड्यातून दिलेलं चांगलं. त्याने संसर्गही कमी होतात आणि मृत्यूही.

घाई मात्र नाही. ज्याला तोंडाने खाता येईल त्याने तोंडानेच खावं, जमलं नाही तर तीन-चार दिवसांनी नळी. २०१४ साली नेदरलँड्समध्ये २०८ पेशंटवर हे तपासलं गेलं. पहिल्या २४ तासांत नळीने सुरू केलं काय किंवा ७२ तास वाट पाहून तोंडाने दिलं काय, संसर्ग आणि मृत्यूत फरक पडला नाही.

नळीतून ताक घालू का, असं घरून बरेच जण विचारतात. विचारल्याशिवाय काहीही घालू नका, विशेषतः प्रोबायोटिकच्या पुड्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रोपाट्रिया नावाच्या डच चाचणीत 'चांगले जंतू' नळीने दिले होते. त्या गटात १६ टक्के दगावले, न दिलेल्या गटात ६ टक्के. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. बाहेर निरुपद्रवी वाटणारी गोष्ट या आजारात जिवावर बेतू शकते.

आधी भरपूर सलाईन लावलं, आता कमी केलं. का?

जास्त पाणी फुप्फुसात आणि पोटात साठतं. २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीत भरमसाट सलाईन दिलेल्या गटात २०.५ टक्क्यांच्या अंगात पाणी साचलं, बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्क्यांच्या. चाचणी मध्येच थांबवावी लागली. आता रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन, मोजून मापून.

सीटी स्कॅन पहिल्याच दिवशी का नाही काढला?

कारण तेव्हा तो फसवा असतो. कुठला भाग मेला, हे ७२ तासांनंतरच नीट दिसतं. निदानाबद्दलच शंका असेल तरच लवकर काढतात.

संसर्ग झाला हे मग कळतं कशावरून?

एका तपासणीवरून नाही. सुधारत असलेला पेशंट पुन्हा घसरतो, ही पहिली खूण. ताप, वाढती नाडी, पोट फुगणं, सुटलेलं बीपीचं औषध परत लावावं लागणं. मग सीटीमध्ये मेलेल्या भागात हवेचे बुडबुडे दिसले, तर संसर्ग जवळपास नक्कीच. पण बुडबुडे सगळ्यांना दिसत नाहीत, म्हणजे नसले म्हणून सुटका नाही. रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का आणि कोणते याची तपासणी, पाठवतो. सुईने आतलं पाणी काढून तपासणं पूर्वी सर्रास व्हायचं. आता क्वचितच, कारण सुई कोऱ्या जागी गेली तर उत्तर खोटं येतं.

प्रोकॅल्सिटोनिन नावाची रक्ततपासणी उपयोगी आहे. सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि पांढऱ्या पेशी नुसत्या दाहानेही वाढतात. प्रोकॅल्सिटोनिन जंतूंकडे जास्त बोट दाखवतं. मँचेस्टरच्या चाचणीत या तपासणीच्या आधाराने निर्णय घेतल्यावर अँटिबायोटिक लागणाऱ्यांचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ४५ वर आलं, आणि संसर्ग किंवा मृत्यू वाढले नाहीत.

सेप्सिस म्हणजे रक्तात पू झाला का?

तसं सगळे म्हणतात, पण ते बरोबर नाही. जंतूंशी लढताना शरीराचं भान सुटतं आणि त्या लढाईत स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तात जंतू सापडले नाहीत तरी सेप्सिस असू शकतो.

वॉर्डात तुमच्या डोळ्यांना तो असा दिसेल : कालपर्यंत नीट बोलणारा माणूस असंबद्ध बोलतोय किंवा गुंगलाय. श्वास भराभर चाललाय. हातपाय गार, कातडीवर जांभळट जाळी. लघवीच्या पिशवीत तासन्‌तास भर पडलेली नाही. यातलं काही दिसलं तर 'राउंडला सांगू' म्हणून थांबू नका, त्याच क्षणी सिस्टरना सांगा. रोज उशाशी बसणाऱ्या बायकोला किंवा आईला 'आज हे वेगळे वाटतायत' हे यंत्राच्या आधी कळतं. अशा बाईला मी कधीही परत पाठवत नाही.

शॉक असेल तर पहिला तास मोलाचा. कल्चरसाठी रक्त घ्यायचं, लगेच अँटिबायोटिक, अवयवांना रक्त कमी पडतंय का हे कळायला रक्तातलं लॅक्टेट तपासायचं, सलाईन, आणि रक्तदाबाची सरासरी ६५ च्या वर ठेवायला नॉरॲड्रिनलिन हे बीपीचं औषध. इथे 'थांबून पाहू' हे लागू नाही. संसर्ग नसताना औषध राखून ठेवायचं आणि संसर्ग झाल्यावर एक तासही दवडायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

कोणतं अँटिबायोटिक देतात?

मेलेल्या भागाच्या आसपास पोचू शकणारं. मेरोपेनेम, इमिपेनेम, काही ठिकाणी पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम. कल्चर आलं की त्याप्रमाणे बदलतात, आणि बदलून हलकं औषध दिलं तर ती चांगली बातमी समजा. बुरशी निघाली तर वेगळं औषध लागतं.

आत पू आहे असं तुम्हीच म्हणता. मग ऑपरेशन करून साफ का करत नाही?

आपल्याकडे जुनी माणसं सांगायची, कच्चं गळू फोडू नये, पोटीस बांधून पिकू द्यावं. स्वादुपिंडाबाबत ते अक्षरशः खरं आहे.

सुरुवातीच्या आठवड्यांत मेलेला आणि जिवंत भाग एकमेकांत मिसळलेले असतात. ओल्या चिखलासारखं सगळं हाताला लागतं. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे डोळ्यांनाही समजत नाही. लगतच प्लीहेची मोठी रक्तवाहिनी, आतडं. अशा वेळी पोट उघडलं की रक्तस्राव थांबता थांबत नाही. पण साधारण चार आठवड्यांत शरीर स्वतःच त्या मेलेल्या भागाभोवती भिंत उभी करतं. पू एका पिशवीत बांधला जातो. मग त्या पिशवीत शिरून तेवढंच काढता येतं.

हा फरक किती मोठा आहे, हे २०१० साली नेदरलँड्समधल्या पँथर चाचणीने दाखवलं. संसर्ग झालेले ८८ पेशंट. एका गटाचं पोट उघडून साफ केलं. दुसऱ्या गटात पायरीपायरीने गेले : आधी बाहेरून नळी, तिने भागलं नाही तर छोट्या छेदातून साफसफाई. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. आणि दुसऱ्या गटातल्या ३५ टक्क्यांचं नुसत्या नळीवरच भागलं.

मग नळी तरी लगेच टाकावी का? २०२१ च्या पॉइंटर चाचणीत १०४ जणांवर हेही पाहिलं. लगेच नळी टाकण्याने फायदा झाला नाही. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांना नळीच लागली नाही, नुसत्या अँटिबायोटिकवर ते बरे झाले. म्हणून 'दहा दिवस झाले, काहीच करत नाहीत' असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात रोज मोजून-मापून वाट पाहणं चालू असतं. पेशंट औषधांनी सावरत नसेल तर चार आठवड्यांच्या आधीही नळी टाकावी लागते. आणि आतडं फाटलं, रक्तस्राव थांबेना किंवा पोटातला दाब वाढून किडनी-फुप्फुसं दबली, तर तातडीने ऑपरेशनही करावं लागतं.

नळी टाकली, पण त्यातून थोडंच येतंय. बंद पडली का?

पडू शकते. आतला माल पाण्यासारखा पातळ नसतो, त्यात ओल्या चिंध्यांसारखे तुकडे असतात. म्हणून नळी दिवसातून तीन-चारदा सलाईनने धुतात आणि अडली तर जाड नळी घालतात. नळीला बाहेर लावलेल्या पिशवीत तपकिरी, राखाडी, हिरवट काहीही दिसलं तरी घाबरू नका. लालभडक रक्त दिसलं, थोडं जरी असलं, तरी लगेच आरडाओरडा करा. आतली धमनी कुरतडली गेल्याची ती सूचना असू शकते, आणि अँजिओग्राफी करून, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन, ती वेळेत बंद करता येते.

एका पेशंटच्या पत्नीने मुलाच्या शाळेच्या वहीत रोजचा हिशेब ठेवला होता. नळीतून किती, रंग कसा, ताप किती, काय खाल्लं. चौतीस पानं भरली. एक दिवस तिने वही पुढे केली आणि म्हणाली, 'सर, तीन दिवस ऐंशीच्या पुढं जात नाही, पण ताप वर चाललाय.' नळी आत सरकली होती. आमच्या तक्त्यातही तेच आकडे होते, पण ते तिने आधी जोडले. तेव्हापासून मी सगळ्यांना वही ठेवायला सांगतो.

तोंडातून दुर्बीण घालूनही पू काढतात म्हणे?

हो. जठराची मागची भिंत आणि ही पिशवी बऱ्याचदा चिकटलेली असते. एंडोस्कोपीला जोडलेल्या सोनोग्राफीने जागा पाहून मधून भोक पाडतात, तिथे धातूचा रुंद स्टेंट (वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवतात, पू जठरात उतरतो. गरज पडली तर त्याच वाटेने आत जाऊन तुकडे ओढून काढतात. २०१८ च्या टेन्शन चाचणीत या पद्धतीने पाचक रस बाहेर झिरपत राहण्याचं प्रमाण ५ टक्के होतं, बाहेरच्या वाटेने ३२ टक्के. मृत्यूत फरक नव्हता. पिशवी कुठे आहे आणि तुमच्या रुग्णालयात हात कशावर बसलेला आहे, यावर निवड ठरते. धातूचा स्टेंट काढायची तारीख मात्र लिहून ठेवा. तो चार आठवड्यांहून जास्त राहिला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डॉक्टर, वाचेल ना?

या प्रश्नाला मी कधीच 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही, कारण दोन्ही खोटं ठरलेलं पाहिलंय. संसर्ग झालेल्यांतले पूर्वी तिघा-चौघांमागे एक जण जात असे. पायरीपायरीने उपचार करणाऱ्या अनुभवी केंद्रांत आता हे प्रमाण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास आणता आलं आहे. पॉइंटर चाचणीत दोन गटांत १३ आणि १० टक्के होतं. संसर्गासोबत अवयवही बंद पडलेले असतील, वय जास्त असेल, तर धोका बराच वाढतो. तुमच्या रुग्णालयात एंडोस्कोपी, रेडिओलॉजी आणि सर्जरी या तिन्ही सोयी चोवीस तास नसतील, तर पेशंट हलवण्याबद्दल दुसऱ्या आठवड्यातच बोला. शॉकमध्ये गेल्यावर ॲम्ब्युलन्सचा प्रवास फार अवघड होतो.

खर्चाचं काय?

मोठा होतो, आणि लांबतो. दाखल झाल्याच्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेच्या मदतनिसाला) भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. धर्मादाय रुग्णालय असेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

आम्ही बाहेर बसून काय करू शकतो?

आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा. त्याचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणून द्या. आयसीयूत माणूस भ्रमिष्ट होतो, त्याला आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे की ऊन, हे सांगत राहा. ओळखीचा आवाज फार काम करतो. आणि घरच्यांनी पाळी लावून झोपा.

घरी सोडल्यावर परत कधी धावायचं?

थंडी वाजून ताप, नव्याने पोटदुखी, रक्ताची उलटी, काळी शी, नळीतून रक्त किंवा नळी निघून येणं, लघवी कमी होणं, बडबड किंवा गुंगी. रात्री दोन वाजता असलं तरी निघा. तेलकट, तरंगणारी, दुर्गंधी शी होऊन वजन घटत असेल तर ती तातडी नाही, पण पाचक रस कमी पडतायत. जेवणासोबत घ्यायच्या कॅप्सूल मिळतात. रक्तातली साखर तीन महिन्यांनी तपासा, कारण बऱ्याच जणांना यानंतर मधुमेह होतो.

कारण पित्ताचे खडे असतील तर आतली पिशवी आटल्यावर पित्ताशय काढून घ्यायलाच हवं. सहा आठवड्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून हे ऑपरेशन टाळलेले पेशंट दुसऱ्या झटक्याने परत आलेले मी पाहिलेत. कारण दारू असेल तर ती कायमची बंद, बिअरसुद्धा. एकट्याने सुटत नसेल तर डिस्चार्जच्या कागदावरच मानसोपचार विभागाची तारीख लिहून मागा.